अहो, इंजिन असं वाजतंय

आमचे हे गेले ते दुपारी, जेवून आडवे झाले असताना. मी शेजारीच तांदूळ निवडत बसले होते. उठवायला गेले तर... मग घर माणसांनी भरलं, रिकामं झालं, आणि आता डोळा लागला की मला शेड दिसते. कामतघरच्या आमच्या चाळीमागची, पत्र्याची, डिझेलच्या वासाची. मानकोलीला गोदामांची कामं जोरात निघाली होती त्या दिवसांतली. माती लोटणारी, दमलेली, जुनी यंत्रं यायची आणि हे त्यांची इंजिनं खोलून, झिजलेलं बदलून, पुन्हा बांधायचे. स्वप्नात ते पाठमोरे असतात. हाक मारून उपयोग नाही हे मला स्वप्नातही ठाऊक असतं.

कारण त्यांना ऐकू यायचं नाही. सारा जन्म इंजिनांशेजारी उभं राहून कान गेले होते. आधी दारावरची हाक गेली, मग माझं भांडणही गेलं! मी तणतणायची आणि हे गोड हसून म्हणायचे, "चहा टाकतेस का गो?" असा राग यायचा म्हणून सांगू! पण इंजिनाचाच आवाज कळेना झाला, तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. थोरल्या भाऊजींनी त्यांच्यासाठी एका गोदामाच्या फाटकावर राखणदाराची खुर्ची बघून ठेवली होती. "हातातला डोझर बांधून होऊ दे," हे म्हणाले. "तो नीट वाजला न्हाय, तर शेड बंद करतो नि बसतो खुर्चीवर." बोलून झाल्यावर कितीतरी वेळ नुसते हात पुसत राहिले.

त्या डोझरचं इंजिन पार थकलेलं होतं. पिस्टन, रिंगा, बेरिंगं, सगळं नवं घातलं. मालक शेठ आले, नारळ फुटला, इंजिन सुरू झालं. आधी काळा धूर, मग पांढुरका, मग नुसतीच हवा थरथरत राहिली. सगळे खूश. यांनी इंजिनावर तळहात ठेवला आणि चारचौघांत मला विचारलं, "कसा वाजतंय गो?" मी चहा घेऊन उभी. छान म्हटलं असतं तर शेड तेवढ्यापुरती वाचत होती... पण आत काहीतरी होतं. त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "चांगला हाय. पन मधीच कोनीतरी आतून दार ठोकतंय."

"वहिनी, डोझर हाय, भजन न्हाय!" शेठ हसले. भाऊजी म्हणाले, "तिला काय कळतंय त्यातलं?" यांनी माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "खोला."

खालून एकेक बेरिंग काढून पाहिलं. हेही ठीक, तेही ठीक. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटचं राहिलं, तेच निघालं... दुकानातून वेगळ्या मापाचं आलेलं. यांनी ते अंगठ्यानं चाचपलं आणि माझ्यासमोर धरलं. "ह्यो बघ तुझा दार ठोकनारा!" बरोबर मापाचं बसवून पुन्हा सुरू केलं. "आता?" मी म्हटलं, "आता माझ्या माहेरी, कशेळीला, खाडीला भरती येते ना... तसा." त्यांनी डोळे मिटले. ती भरती त्यांना ऐकू आली, असं मला अजून वाटतं.

खुर्चीवर दुसरं कोणी बसलं. पुढे प्रत्येक इंजिनाला माझी हजेरी ठरली. संध्याकाळी उंबऱ्यावर बसलो की हे विचारायचे, "आज काय काय वाजला?" मग मी सांगायची. कोणाचं पोर रडलं, पत्र्यावर कावळे कसे नाचले, कोण कोणावर ओरडलं.

परवा संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसलेली असताना लाईट गेली आणि गल्लीतले कापड विणायचे सगळे लूम एकदम गप्प झाले. मी सवयीनं शेजारी वळले. "अहो, लूम थांबले." मग ध्यानात आलं. पण अर्धवट सांगायची मला सवय नाही. "रस्त्यावरनं ट्रक चाललाय," मी मोठ्यानं सांगितलं, "इंजिन चांगला वाजतंय!" समोरच्या बायका वळून बघायला लागल्या. बघेनात का. हळू बोललं तर त्यांना ऐकू जात नाही.