न चाखलेली उसळ

नवऱ्याला कधी सांगितलं नाही. तो दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता, तासन्‌तास आम्ही दोघंच असायचो — तेव्हाही नाही. मुलीला तर नाहीच. ती मला फार चांगली बाई समजते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला धजावते आहे. जमेल का, माहीत नाही. याआधी तीन-चारदा तोंड उघडलं होतं आणि दर वेळी दुसरंच काहीतरी बोलत बसले.

तर — मी विक्रोळीच्या एका शाळेत शिक्षिका होते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. राहायला मुलुंडला, वडील सरकारी ऑफिसात, घरात पुस्तकं, सगळं नीटनेटकं. शाळा मात्र चाळींच्या मधोमध, पत्र्याची, चौथीपर्यंत. गिरण्या बंद पडलेल्या. कुणाचा बाप घरी बसलेला, कुणाचा गावाला निघून गेलेला. सकाळी प्रार्थनेला एखादं तरी मूल चक्कर येऊन खाली बसायचं. "काय खाऊन आलीस गं?" विचारलं की ठरलेलं उत्तर — "चा."

म्हणून शाळा चालवणाऱ्या ट्रस्टनं दुपारचं जेवण सुरू केलं. कधी डाळ-भात, कधी मुगाची उसळ आणि पाव, शनिवारी शिरा. शिजवायला अनुसयाबाई आल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या. नवऱ्याची गिरणी सुटली, तो गावी गेला तो तिकडचाच झाला. मुलगी मंदा आमच्याच शाळेत, माझ्याच वर्गात, तिसरीत. अनुसयाबाईंच्या हाताला चव होती हो! मोड आलेले मूग, वरून ओलं खोबरं. दोन-तीन महिन्यांत पोरांच्या गालांवर फरक दिसायला लागला. प्रार्थनेला खाली बसणारी पोरं उभी राहायला लागली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मुख्याध्यापिकाबाईंनी एक नियम केला होता. पोरांना वाढण्याआधी एका शिक्षिकेनं जेवण चाखायचं आणि वहीत सही करायची — "चव घेतली, योग्य आहे." ते काम माझ्याकडे होतं. अनुसयाबाई खिडकीत एक वाटी झाकून ठेवायच्या, चमचा धुऊन बाजूला. सुरुवातीला मी ती वाटी चाटूनपुसून खायची. उसळीत काय घालता म्हणून विचारलंसुद्धा होतं त्यांना. त्या लाजल्या होत्या.

मग मी चाखणं सोडलं.

का? — थांबा. ते सांगते. आधी काय झालं ते सांगू द्या.

पहिले काही दिवस मी वाटी हातात घ्यायची आणि त्यांची पाठ वळली की मोरीत ओतायची. मग तेही नको वाटायला लागलं. दारातूनच "छान झालंय" म्हणायचं, सही करायची आणि शिक्षकखोलीत येऊन घरून आणलेला डबा उघडायचा. त्यांना कळलं नसेल? काही दिवसांनी खिडकीतली वाटी दिसेनाशी झाली, एवढंच.

तो दिवस मार्चमधला होता. पत्रे तापलेले. मी तिसरीला भागाकार शिकवत होते, तेवढ्यात अनुसयाबाई वर्गाच्या दाराशी आल्या. अशा त्या कधी यायच्या नाहीत.

"बाई, जरा येता का?"

मी गेले. स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यापर्यंतच. आत तेलाचा नवा डबा उघडलेला होता, पातेल्यात उसळ रटरटत होती.

"ह्या तेलाला कसला तरी वास येतो वो. मना तर बरां नाय वाटत. तुमी जरा चाखून बगा ना. तुमी नको म्हनलात तर मी भात टाकते नुसता."

त्यांनी वाटी पुढे केली. कितीतरी दिवसांनी. वाफ येत होती. वास मलाही आला — खरंच आला. रॉकेलसारखा नाही, पण काहीतरी कडवट, नाकात बसणारा. एक चमचा तोंडात घातला असता तर मी थुंकून टाकला असता आणि सगळं तिथंच संपलं असतं. एक चमचा!

मी म्हणाले, "नव्या डब्याला येतो तसा वास. काही होत नाही. वाढा."

"तुमी बगितलंत तर बरां होईल, बाई."

"सांगितलं ना, वाढा. पोरं खोळंबलीत."

आणि वहीत सही केली. "चव घेतली, योग्य आहे."

तासाभरात पहिलीतली दोन मुलं ओकली. मग पाच. मग मोजणं सुटलं. व्हरांड्यात पोरं पोट धरून बसलेली, कुणी रडतंय, कुणी नुसतंच भिंतीला टेकलेलं. चाळीतून बायका धावत आल्या. रिक्षा मिळतील तशा भरून पोरं दवाखान्यात नेली. अनुसयाबाई मंदाला खांद्यावर टाकून धावत होत्या, मागे वळून दुसऱ्या पोरांना हाका मारत होत्या. मंदानं त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं होतं. तिला आणि आणखी एका मुलाला सलाईन लावून ठेवून घेतलं, बाकीची संध्याकाळी घरी गेली. सगळी वाचली. हे मी लगेच सांगते, कारण मलाही तेव्हा हेच आधी ऐकायचं होतं — की सगळी वाचली. म्हणजे मग माझा काही दोष नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत ट्रस्टचे सेक्रेटरी आले. तेल त्यांच्याच मेव्हण्याच्या दुकानातून येत असे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तेलाचा तो डबा सकाळपासून कुठं दिसत नव्हता. टेबलावर वही उघडी होती. अनुसयाबाई दाराजवळ उभ्या, रात्रभर दवाखान्यात बसून आलेल्या.

"चव तुम्ही घेतली होती?" सेक्रेटरींनी मला विचारलं.

मी म्हणाले, "हो."

"कशी होती?"

"चांगली होती."

"तेलाबद्दल या काही बोलल्या तुम्हाला?"

खोलीत पंखा नव्हता. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात उचलायचीसुद्धा भीती वाटत होती. मी अनुसयाबाईंकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या काचेखाली वेळापत्रक होतं, त्यातल्या मंगळवारच्या रकान्याकडे पाहत म्हणाले, "नाही. काही बोलल्या नाहीत."

"बाई, मी तुमाला बोलवायला आले होते," अनुसयाबाई म्हणाल्या. "वर्गात. पोरांनी बगितलंय."

"त्या पाव कमी आलेत म्हणून सांगायला आल्या होत्या."

हे कुठून सुचलं मला? इतकं पटकन, इतकं बिनचूक? त्याआधी मी कधी असं खोटं बोलले नव्हते. बहुतेक.

त्या एवढंच म्हणाल्या, "माजी पोरगी पन त्येच जेवली." पण तोवर सेक्रेटरींचं ठरलं होतं. चव चांगली होती म्हणजे तेल चांगलं होतं. म्हणजे नंतर हिनंच काहीतरी केलं, उघडं ठेवलं, भांडी धुतली नाहीत. माझं एक खोटं सगळ्यांनाच सोयीचं पडलं. त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं. मंदाचं नाव पुढच्या आठवड्यात शाळेच्या पटावरून कमी झालं. चाळीत बायका म्हणायला लागल्या की हिनं पोरांना विष घातलं होतं.

जेवण बंद झालं. त्याऐवजी दोन-दोन बिस्किटं. प्रार्थनेला पोरं पुन्हा खाली बसायला लागली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गातली सात मुलं आलीच नाहीत.

आता ते — का चाखणं सोडलं ते.

अनुसयाबाईंनी एकदा एक दिवसाची सुट्टी मागितली होती. मी सहज विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, बुद्धविहारात कार्यक्रम आहे, वंदनेला जायचंय. बस्स. मला कळलं त्या कोण ते. आणि दुसऱ्या दिवशी वाटी तोंडाजवळ नेली आणि माझा हात थांबला.

मी — जी कॉलेजात समतेवर निबंध लिहून बक्षीस घेऊन आलेली. जी वर्गात पोरांना एका रांगेत बसवून "आपण सगळे एक" म्हणायला लावायची. मला कुणी शिकवलं नव्हतं असं वागायला, निदान शब्दांत नाही. तीन महिने आवडीनं खाल्लेली उसळ एका शब्दानं घशाखाली उतरेना. त्या दिवशी उंबऱ्यावर मी थांबले ती तेलाच्या वासानं नाही. तेल चांगलं असतं तरी मी खाल्लं नसतं. आणि चौकशीत खरं बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता — का नाही चाखलंत? माझी नोकरी जाईल याची भीती नव्हती तेवढी. भीती त्या प्रश्नाची होती.

वर्षभरानं त्या मला घाटकोपरला बसस्टॉपवर दिसल्या. एका कारखान्यात झाडू मारायचं काम करत होत्या. मी तोंड फिरवायच्या आत त्याच जवळ आल्या.

"बाई, पोरांचं जेवन परत सुरू झालं का?"

"नाही. बिस्किटं देतात."

"दोन बिस्किटांनी काय व्हतंय?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती कदमांची धाकटी, भात मागून मागून खायची. ती बरी हाय ना?"

कदमांची धाकटी जूनपासून शाळेत आली नव्हती. मी म्हणाले, "हो, बरी आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. वाट बघत असल्यासारख्या. तेवढ्यात एक बस आली आणि मी चढले. ती मुलुंडची नव्हती. पाटी न वाचताच मी चढले होते.

त्यांना मी पुन्हा शोधलं नाही. शोधता आलं असतं.