उलटी टांगलेली जीन्स

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आम्ही जीन्स कशी तयार होते याचं छोटं प्रदर्शन भरवलं होतं. पाट्यांवरचा मजकूर माझा होता, त्यामुळे चूकही माझीच. कटिंग मास्तर, शिलाई, धुलाई, इस्त्री अशा सगळ्यांवर मी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पन्नाशीच्या एक बाई आल्या. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. प्रत्येक पाटीवर बोट फिरवत त्यांनी सावकाश वाचलं आणि पुन्हा पहिल्या पाटीपाशी गेल्या.

"काय शोधताय, मावशी?"

"धागा कटिंग कुठंय, साहेब? वीस वर्षं मी तेच करते." 'हात लावू नये' या सूचनेकडे न बघता त्यांनी टांगलेली जीन्स सरळ उलटी केली. "आमचं काम आतनं बघायचं असतं. तुम्ही बाहेरूनच बघितलं."

कारखान्यांच्या दारात शिवणींचे लोंबते धागे तोडत बसलेल्या बायकांसमोरून मी रोज रिक्षा पकडायला जायचो.

त्याच संध्याकाळी नवी पाटी लिहिली, त्यांच्याच शब्दांत. जीन्स उलटीच ठेवली आणि लोकांना काम कळावं म्हणून शिवणीला एक धागा मुद्दाम लोंबता सोडला.

आठवड्याने त्या दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. नवी पाटी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मग पिशवीतून छोटी कात्री काढून तो धागा कचकन कापला.

"असा माल पास होत नाय, साहेब," म्हणाल्या आणि धागा माझ्या तळहातावर ठेवला. तिघी हसल्या. मीही मोकळेपणी हसलो.