दलमा बेटावर भावासाठी सोशल वर्कर शोधताना

लोक दलमा बेटावर समुद्र बघायला जातात. मी परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर, म्हणजे मनाच्या त्रासावर समुपदेशन करणारं माणूस, शोधायला गेले. धाकटा भाऊ संदीप तिथे बांधकामावर आहे. त्याचा खोलीतला मित्र गण्या साइटवर उंचावरून पडून वारला, तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. मी राहते दुबईत; तिथल्या मैत्रिणींनी ऑनलाइन समुपदेशन सुचवलं. म्हणजे सहा जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर बसून त्याने मन मोकळं करायचं. किती सोपं!

जाणाऱ्यांसाठी माहिती: दुबईहून जेबेल धन्नापर्यंत तीनेक तास गाडी, पुढे फेरी. फेरीवर गाडीही चढते. वाटेत पंपावरचा कडक, दुधाळ करक चहा घ्या, उरलेला रस्ता वाळूच वाळू आहे. मी सोबत वडे आणि चिकन नेलं होतं, कारण संदीपला ‘पिकनिकला येतेय’ असं सांगितलं होतं. खरं कारण सांगायची आमच्या घरात पद्धत नाही.

बेटावर आधी त्याचे फोरमन, चिपळूणचे नाना भेटले.

“सोशल वर्कर ना? अहो, आपला तात्या आहे की! गणपतीची वर्गणी तोच काढतो.”

“लायसन्स आहे का त्यांच्याकडे?”

“आहे ना, हेवी व्हेइकलचं! ताई, तात्या दोन शब्द बोलेल, टेन्शन खलास.”

तात्या खरंच बोलले. “मर्द माणूस तू, कामात मन लाव.” संदीपने मान हलवली.

शेवटी दवाखान्यात चौकशी केल्यावर खऱ्या बाई सापडल्या. केरळच्या लिसी मॅडम, ठरलेल्या दिवशी फेरीने येणाऱ्या. नशिबाने तो दिवस त्यांचाच होता, मी संदीपला घेऊन गेले. त्यांनी विचारलं, “संदीप, नींद कैसी है?”

“थोड़ी कम है,” मी सांगितलं.

“खाना?”

“आज तो वडे खाये उसने.”

“दीदी, आप बाहर बैठिए.”

एवढं अंतर तुडवून आलेल्या बहिणीला बाहेर! मी फणफणत बाकावर बसले. थोड्या वेळाने आतून संदीपच्या रडण्याचा आवाज आला. ‘रडू नको’ म्हणायला मी दारापर्यंत पोचलेही होते. मग जाऊन परत बसले. फार अवघड गेलं ते.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. समुद्राचे फोटो धड आले नाहीत. संदीप लिसी मॅडमकडे जातो. परवा त्याचा फोन आला. “ताई, काल झोपच नाही लागली. गण्या दिसत राहतो.” दूध पी, व्यायाम कर, देवाचं नाव घे, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. गिळलं.

“सांग,” मी म्हटलं.