मॉरिसचं मडगार्ड आणि लक्ष्मणअण्णाचा तळवा

जुन्या गाडीचा पोचा काढायचा तर लक्ष्मणअण्णाकडे जायचं, हे आमच्या दाजीबानपेठेत कोणाला सांगावं लागत नसे. बाकीचे पोच्यात पुट्टी थापायचे, वर रंग मारायचे आणि मोकळे व्हायचे. तसल्या कामाला मी काम म्हणत नाही. लक्ष्मणअण्णा पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हलकी हातोडी चालवायचा आणि मग डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. तळव्याला पत्रा सपाट लागला तरच रंगाचा डबा उघडायचा. माणूस तुसडा होता. घाई केली की हातोडी खाली ठेवून म्हणायचा, "मग घेऊन जावा."

दोन हजार तीन साली कलघटगीच्या रस्त्यावर एक म्हैस माझ्या वडिलांच्या मॉरिसला धडकली. म्हशीला काही झालं नाही, गाडीचं डावं मडगार्ड मात्र आत गेलं. वडील जाऊन वर्ष झालं नव्हतं. मला ते बघवेना. गाडी लक्ष्मणअण्णाच्या शेडमध्ये नेऊन लावली.

त्याला साखरेचा आजार होता. त्याची बायको गोदावरीअक्का माझ्या बायकोपाशी रडली होती. तापलेला तवा उचलताना त्याचा हात भाजला, फोड आला, तरी त्याला पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, हाताची जाणीव गेली, परत येईल असं सांगता येत नाही. शेडमध्ये मात्र त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. पोटापेक्षा त्याला त्या हाताच्या नावाची काळजी होती.

मी बघायला गेलो तेव्हा मडगार्ड ठोकून झालं होतं. त्याने तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. मग दुसऱ्या हाताने फिरवला. मला वाईट वाटत होतं आणि तिथून निघताही येत नव्हतं.

तेवढ्यात गोदावरीअक्का डबा घेऊन आली. एरवी ती डबा दारातच ठेवून जायची.

"अगं, हिकडं ये जरा," तो म्हणाला. "हात लावून बघ."

तिने पदराला हात पुसला आणि मडगार्डावर ठेवला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. 'बरं झालंय' म्हण बाई, असं मी मनातल्या मनात विनवत होतो. एवढं म्हटलं असतं तरी माझ्यासमोर त्याची लाज राहिली असती.

"हितं उंच हाय," ती म्हणाली.

तिने बोट ठेवलं तिथे त्याने हातोडी मारली.

"अजून."

पुन्हा मारली. तिने तळवा फिरवला. "साकु, पुरे. आता बरोबर हाय."

लक्ष्मणअण्णा तिथल्या स्टुलावर बसला. "माझ्या हाताला काहीच कळंना गं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

"माझ्या हाताला कळतंय की," ती म्हणाली.

त्यानंतर जगला तोवर तो तिच्याबरोबरच काम करत राहिला. बाईमाणूस पत्र्याला हात लावते म्हणून पेठेत लोक हसले, काहींनी त्याच्याकडे गाड्या आणणंही सोडलं. पण नवीन गिऱ्हाईक आलं की तो आधीच सांगायचा, "माझा हात गेलाय. ठोकणार मी, बघणार ही. पटत असंल तर गाडी लावा."