हेल्मुटचं डावं वळण

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. हिच्याजवळही नाही — आणि आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली. मग तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट ठाऊक नाही.

साठ-एकसष्टचा हिवाळा. मी हायडेलबर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो. पुण्यात कॉलेजच्या हॉकी संघात फुलबॅक, म्हणजे बचावाला, खेळलो होतो, एवढीच माझी पुंजी. पण शेजारच्या शहरातल्या एका आइस हॉकी क्लबचे प्रशिक्षक, क्र्यूगर, यांच्या कानावर ते गेलं. भारतीय म्हणजे हॉकीतला जाणकार, असा तेव्हा सगळ्यांचाच समज. गोल मारणारा कुणालाही दिसतो, ते म्हणाले. बचाव करणारा पोरगा पुढे पगारी संघात टिकेल की नाही, हे ओळखायला बचाव खेळलेलाच माणूस लागतो. मग दर रविवारी मी ट्रामने जाऊन बर्फाच्या मैदानाच्या कठड्याशी वही घेऊन बसू लागलो.

खरं सांगू? मला ते जमत होतं. बर्फ नवा होता, चेंडूऐवजी चकती होती, बचाव तोच. चकतीमागे धावणारा नव्हे, चकती येण्याआधी तिथे उभा असणारा शोधायचा. चांगल्या बचावपटूच्या बाजूला काही घडतच नाही — म्हणून तो कुणाच्या नजरेत भरत नाही.

हेल्मुट तसा होता. वीस वर्षांचा, आठवडाभर सुतारकाम शिकणारा, अबोल.

एकदा सरावानंतर मी पोरांना काठीनं कसं अडवावं ते सांगत होतो. हेल्मुट शांतपणे म्हणाला की गवतावर हे चालत असेल. बर्फावर तोवर समोरचा निघून गेलेला असतो. त्याचं बरोबर होतं. पोरं हसली, क्र्यूगरही हसले. बस, एवढंच. याला अपमान म्हणायचं का? त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र — पुढचे कितीतरी दिवस तेच.

नाताळच्या सुमारास क्र्यूगरनी विचारलं: पहिल्या संघात एक जागा आहे, करार कुणाला द्यावा? मी हेल्मुटच्या नावापुढे लिहिलं — डावीकडे वळताना अडखळतो, वरच्या संघात टिकणार नाही.

तो अडखळत नव्हता. ते मी रचलं होतं.

जागा दुसऱ्याला मिळाली. विषय संपला असं मला वाटलं. पण माझा शेरा क्र्यूगरनी त्याला सांगितला होता, आणि पुढच्याच रविवारी हेल्मुट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

"माझं मला ते दिसत नाही," तो म्हणाला. "तुम्ही दाखवाल का?"

तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. जवळपास कुणी नव्हतंही. आणि मी — मी दाखवलं. नसलेला दोष घालवायला त्याला सराव नेमून दिला. काम संपवून तो रोज सरावाला यायचा, आणि रविवारी माझ्यासमोर डावीकडे वळायचा, वळून माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचो — अजून नाही.

फेब्रुवारीत तो खरोखरच अडखळू लागला. वळण्याआधी स्वतःच्या पायांचा विचार करू लागला होता. समोरचे खेळाडू नेमके त्याच बाजूनं घुसायला लागले. क्र्यूगरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, "तुम्ही लिहिलं होतं तेच."

पुढच्या मोसमात हेल्मुट आला नाही. तो पूर्णवेळ सुतारकामाला लागला.

दोन वर्षांनी मी भारतात परत निघालो, तेव्हा तो मला निरोप द्यायला स्टेशनवर आला. मी बोलावलं नव्हतं. फलाटावर त्यानं माझी पेटी उचलून डब्यात ठेवली. मग तो म्हणाला, "बाकीचे नुसती पाठ थोपटायचे. खरं फक्त तुम्ही सांगितलंत. डांके, आभारी आहे."

मी 'बिटे', म्हणजे 'त्यात काय एवढं', म्हटलं, त्याचा हात हातात घेतला, आणि गाडीत चढलो.