सोवळ्यातला रांजण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलींना नाही, तुळजापूरला भवानीसमोर उभी राहिले तेव्हाही नाही. तिला माहीत असेल, ते वेगळं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि गेल्या आठवड्यापासून माझा माझ्यावरचाच संताप मला आवरत नाही.

मी शिस्तीची बाई आहे. धाराशिवात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. माळवदावर पांढरी माती कधी टाकायची, डाळी उन्हात कधी घालायच्या, कोणत्या दाराची कडी बदलायची, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे तयार असतात. हे कोर्टात वकिली करतात; घर, भाडेकरू आणि दुरुस्त्या माझ्याकडे. लोक म्हणतात, वकीलीणबाईंचं काम कसं सरळ! हा शब्द ऐकला की तिथून उठून जावंसं वाटतं.

निजामी होती तेव्हाची गोष्ट. आमच्या घराच्या मागे वेगळ्या दाराच्या दोन खोल्या आहेत. तिथं करीमभाई राहत. वह्या-पुस्तकं बांधायचं त्यांचं काम. कचेरीतली दप्तरं, शाळेची पुस्तकं, दुकानदारांच्या चोपड्या त्यांच्याकडे येत. पुस्तक दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा पुढच्या खोलीत, आणि मागच्या खोलीत त्यांची बायको सुग्राबी, मुलं, चूल आणि खिडकीपाशी कागद चिकटवायच्या खळीचं भांडं. त्या मागच्या खोलीची भिंत आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच.

त्या भिंतीला बुरशी धरली. पावसाळ्यात बुरशी कुणाच्या भिंतीला येत नाही? आमच्याकडे मातीच्या भिंती, मातीचं माळवद. श्रावणात सगळं गाव ओलं असतं. पण दिवाळी झाली, थंडी पडली, गावातल्या सगळ्या भिंती सुकल्या, आणि ही एकच भिंत हिरवी-काळी होत वर चढत राहिली. बांधायला आलेल्या कागदांवर ठिपके उमटायला लागले. करीमभाई सांगायला आले तेव्हा मी अंगणात ज्वारी पाखडत होते. हातातलं सूपही मी खाली ठेवलं नाही.

"तुमची खळ आंबते, त्याची बुरशी," मी म्हटलं. "आणि खिडकीला सदा पडदा. वारा लागेल कसा भिंतीला?"

हे मी तेव्हा मनापासून बोलले. खरंच मला तसं वाटलं होतं. पण हा बचाव म्हणून सांगत नाही, कारण त्यानं माझा गुन्हा कमी होत नाही — उलट इथूनच तो सुरू होतो. ह्यांनी माझं बोलणं कोर्टात नेलं, गंमत म्हणून. गल्लीत बायकांनी ते पाण्याला जाता-येता नेलं. चार दिवसांत सगळ्यांना ठाऊक झालं की करीमभाईंच्या खळीला बुरशी लागते आणि ती कागदाबरोबर घरोघर जाते. कुणी एकानंही विचारलं नाही, की हा माणूस इतकी वर्षं खळ लावतो आहे, मग आधी कशी लागली नाही? कुणी कशाला विचारील? ऐकायला सोयीचं होतं.

आणि मग मला कळलं.

आमच्या स्वयंपाकघरात, त्याच भिंतीच्या बुडाशी, सासूबाईंनी पुरून घेतलेला एक रांजण होता. अर्धा जमिनीत, अर्धा वर. सोवळ्याचं पाणी त्यात. रोज रात्री मी तो काठोकाठ भरून झाकत असे. एका सकाळी झाकण काढलं तर पाणी वीतभर खाली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी सगळं पाणी उपसलं, आत हात घातला, आणि तळाशी भिंतीच्या बाजूला बोटाला चीर लागली. बारीकशी. नखाला जाणवेल एवढीच. आजही हे लिहिताना ते नख मला जाणवतं.

मी काय केलं असेल? शिस्तीची बाई! तिथल्या तिथं उठून मागच्या दारी जायचं आणि म्हणायचं, करीमभाई, माझं चुकलं, भिंत माझ्या रांजणानं ओली झाली. बस, एवढंच करायचं होतं. त्याला किती वेळ लागतो?

मी चिरेत मेण भरलं आणि रांजण पुन्हा भरून ठेवला.

का? रांजण काढायचा तर जमीन फोडावी लागणार, भिंत पायापासून नीट करावी लागणार, आणि तो सगळा खर्च आमच्या अंगावर येणार. हे एक. पण खरं सांगू? खर्च आम्हाला पेलला असता. मला पेलवत नव्हतं ते दुसरंच. मी चुकले, हे वाक्य माझ्या तोंडून तोवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते पहिल्यांदा एका भाडेकरूनं ऐकावं? ज्याच्याशी मी हातातलं सूपही खाली न ठेवता बोलले, त्यानं?

खर्च मी करीमभाईंवर टाकला. ज्याच्यामुळे झालं, त्यानं भरायचं — असा माझा न्याय. सिद्राम गवंडी बोलावला. त्यानं यादी सांगितली आणि मी ती लिहून घेतली: भिंतीचे पोपडे खरवडायचे, भुसभुशीत माती कोरून काढायची, बुरशी मारायला मोरचुदाचं पाणी मारायचं, मग बैलाच्या घाण्यात मळलेल्या चुन्याचा गिलावा. मोरचूद सोलापूरहून आणायचा, तिथं इंग्रजी कळदार रुपया मोजायचा, आपला निजामी हाली रुपया तिथं बट्ट्यानं, म्हणजे कमी भावानं, जाणार. बट्टाही मी करीमभाईंच्याच नावावर धरला. त्यांनी शिकंजा विकला.

हे पुन्हा वाचा. पुस्तकं बांधणाऱ्या माणसानं शिकंजा विकला, माझ्या फुटक्या रांजणासाठी.

सिद्राम भिंत कोरताना मध्येच थांबला. मूठभर ओली माती घेऊन माझ्याकडे आला.

"वकीलीणबाई, ही ओल आतनं येतीय बगा. पलीकडं काय हाय?"

"स्वयंपाकघर आहे."

"जरा बगू का? दोन मिंटाचं काम हाय."

करीमभाई त्याच्या मागेच उभे होते. तेही म्हणाले, "एकदा बघू द्या बाई. आम्ही नाही येत आत, सिद्राम बघंल."

आणि मी म्हणाले, "सोवळं आहे. तिथं कुणी जायचं नाही."

झालं. त्या एका शब्दापुढं आमच्याकडे कुणी बोलत नाही. सिद्राम मागं सरला, करीमभाईंनी मान खाली घातली. दोघांनाही ते रास्तच वाटलं असेल. घरात धर्म पाळणारी बाई! आज मला कुणाची चीड येते म्हणाल, तर त्या बाईची येते. पदर सावरून दारात आडवी उभी असलेली. सोवळं! मडक्याची चीर लपवायला मी देवाचं नाव वापरलं, आणि वर पुण्य केल्यासारखी घरात गेले.

सिद्रामनं हात झटकले. "मग खळ म्हणा न्हाय तर भूत म्हणा. आपल्याला गिलावा करायचाय." त्यानं गिलावा केला. चांगला केला, गुळगुळीत.

संक्रांतीला बुरशी त्या नव्या गिलाव्यातून परत बाहेर आली. मेण कधी टिकणार होतं? सुग्राबी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या अंगणात आली. नाहीतर ती मागचं दार सोडून कुठं येत नसे. हाताला चुना, बोटांची सालं निघालेली. रोज भिंत घासत होती बिचारी. ती भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, "खळ तो खिडकीकने रैती बाई, बुरशी इधर कायकू आती?"

किती साधा प्रश्न होता. उत्तर माझ्या घरात, भिंतीपलीकडे भरून झाकलेलं होतं. मी म्हटलं, "आधी पडदा काढ तो. मग बोल."

महिनाभरात ते गेले. कचेरीतलं काम तोवर सुटलंच होतं. बुरशी लागलेल्या माणसाकडे दप्तर कोण देणार? आणि शिकंजा नसताना दुसऱ्याचं काम तरी कसं घेणार? येडशीच्या स्टेशनावरून गाडीनं गेले, एवढं कानावर आलं. कुठं गेले ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं. म्हणून विचारलं नाही.

ते गेल्यावर एका दुपारी घरात कुणी नसताना मी पहार घेतली आणि रांजण फोडला. सगळ्यांना सांगितलं, घागर निसटून त्यावर पडली. जमीन थापली, सारवली, पाण्याला तांब्याचं पिंप आणलं. होळीपर्यंत भिंत खडखडीत वाळली. मला वाटलं, सुटले.

पण वाळलेल्या भिंतीनं करीमभाईंवरच शिक्का मारला. हे पाहुण्यांना खोल्या दाखवायला लागले: "बघा, माणसं गेली आणि बुरशी गेली!" लोक भिंतीला हात लावून बघत. मी चहा देत असे. माझा खोटेपणा आता पुराव्यासकट उभा होता, आणि पुरावा मीच तयार केला होता.

आता निजामी गेली. गावात मुसलमानांच्या घरांना कुलपं दिसतात, काहींची दारं नुसतीच लोटलेली. गेल्या आठवड्यात एक मास्तर खोली शोधत गल्लीत आले. बरोबर बायको, कडेवर पोर. नाव सांगितलं तशी समोरच्या काकूंनी आपल्या ओसरीवरूनच सांगितलं, "न्हाय बाबा, आमच्याकडं जागा न्हाय." आणि ते चार पावलं गेले न गेले तोच, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "ह्यांना ठेवलं की घर नासतंय. तुमच्या भिंतीचं काय झालं, ठावं न्हाय का आमाला? व्हय ना, वकीलीणबाई?"

मास्तर थांबले. वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बायकोनंही पाहिलं. मी काय म्हणते, याची ते वाट बघत होते. मागच्या दोन खोल्या झाडून-पुसून तयार होत्या, किल्ली माझ्या कमरेला होती.

मी काकूंकडे बघून मान डोलावली.