धुतलेली नदी

हॉस्पिटलात त्याला सगळे लख्खभाऊ म्हणत. तो सफाई विभागाचा मुकादम. फरशी पुसून झाली की हा वाकून, गाल जवळजवळ फरशीला टेकवून उजेडाच्या बाजूला बघायचा आणि मग एकच शब्द बोलायचा, "लख्ख." तो शब्द आला नाही की पुन्हा बादली भरायची. जुन्या नर्सबाई म्हणायच्या, लग्नात यानं बायकोचा हात धरण्याआधी तिला साबण लावायला लावला असेल. तो चिडायचा नाही. "राहून गेलं," म्हणायचा.

अशा माणसाच्या बैठकीच्या खोलीत नदी आली, ती थोरल्या भावापायी.

दादा नावाडी. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानं होडीच्या कमाईवर धाकट्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. पुढे पूल झाला, होडी काठावर पालथी पडली, पण दादा काही काठावरची खोली सोडेना. एका सकाळी चिखलात पाय घसरला आणि खुबा मोडला. त्या बाजूचा दूधवाला योगायोगानं तिथून गेला म्हणून दादा सापडला, नाहीतर कोणाला पत्ताही लागला नसता. ऑपरेशन झालं, आणि लख्खभाऊनं त्याला आपल्या घरी आणलं.

हाड जुळलं, पण दादाचं मन काही जुळेना. पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून तो पडून राही. पत्र्याची ट्रंक त्यानं उघडलीच नव्हती. चार पावलं टाकता आली की मी माझ्या खोलीवर जातो, हे रोजचं पालुपद. ते ऐकलं की लख्खभाऊला तो चिखल आठवायचा. पुन्हा पडला तर दूधवाला त्याच वेळी थोडाच तिथून जाणार होता?

"तुला इथं कमी काय आहे?" त्यानं एकदा न राहवून विचारलं.

"इथं काही हलत नाही रे, धाकट्या."

हे बायकोनं ऐकलं. ती पोस्टात कामाला. तिथल्या एका कारकुनाची माशांची काचेची टाकी रिकामी पडून होती, ती तिनं रिक्षात घालून आणली. दादानं मान वळवून टाकीकडे पाहिलं आणि तो उठून बसला.

मग जे सुरू झालं ते बघून लख्खभाऊला वाटलं, यापेक्षा भिंत बरी होती. त्याच्या मनात होते सोनेरी मासे, निळे खडे आणि प्लास्टिकचं झाड. दादाला हवा होता त्याच्या उताराचा, जिथं तो माणसं उतरवायचा त्या काठाचा तुकडा. दूधवाला रोज तिकडून काहीबाही आणू लागला. वाळू आणली, शेवाळलेले गोटे आणले, एका झाडाचं कुजकं मूळ आणलं, पाण्यात मुरून काळी पडलेली पानं आणली. मासे आले ते दुधाच्या किटलीतून. त्या दिवसापासून लख्खभाऊ बिनदुधाचा चहा पिऊ लागला.

दादानं गोटे असे रचले की पंपाचं पाणी एका बाजूनं जोरात धावे आणि दुसऱ्या बाजूला मुळाआड संथ राही, अगदी होडी लागायची तिथल्यासारखं. बोटभर मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहत. मिशावाला एक मासा सारखा वाळूत तोंड खुपसून बसे. पानांमुळे पाणी चहासारखं झालं. काचेवर बुळबुळीत थर चढला. गोगलगायींनी त्यावर शेंबडासारखी अंडी चिकटवली. कहर म्हणजे माशांचं खाणं. जिवंत, वळवळणारे, लाल किडे, तेही फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी. लख्खभाऊनं चुकून तो डबा उघडला आणि त्या रात्री जेवला नाही.

"अहो, झाकण लावलेलं असतं," बायको म्हणाली.

"वॉर्डातल्या बेडपॅनलाही झाकण असतं. ते आपण फ्रिजमध्ये ठेवतो का?"

पण दादा काठी टेकत टाकीपाशी जाऊ लागला होता. जेवायचा. ट्रंकेचं नाव काढत नव्हता. म्हणून लख्खभाऊ नुसतं नाक मुरडायचा. दादानं त्याला एकच अट घातली होती, टाकीला हात लावायचा नाही.

एके दिवशी बायको दादाला तपासणीला घेऊन गेली. लख्खभाऊची सुट्टी होती. ऊन थेट टाकीवर पडलं होतं आणि काचेवरचा तो हिरवट, चिकट थर त्याच्याकडे बघून जणू दात विचकत होता. तो उठला. मासे बादलीत काढले, आणि मग त्यानं नदी धुतली. गोटे उकळले. मूळ तारेच्या ब्रशनं घासलं. वाळू ब्लीचिंग पावडर घालून, निवळ पाणी येईस्तोवर धुतली. फिल्टरमधला स्पंज, जो हाताला कुजक्या लिव्हरसारखा लागत होता, तो साबणानं पिळून काढला. पानं फेकली. नळाचं पाणी भरून मासे परत सोडले. शेवटी गाल टेबलाला टेकवून त्यानं आरपार पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "लख्ख."

दादा घरी आला, दारातच थबकला. त्यानं हवेत वास घेतला आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळू लागले. सकाळी बहुतेक उलटे तरंगत होते. मिशावाला तेवढा कोपऱ्यात धापा टाकत होता. दादानं पलंगाखालून ट्रंक ओढली आणि भावजयीला सांगितलं, "पोरी, दूधवाल्याला निरोप दे. उद्या त्याच्या टेम्पोतून जातो."

लख्खभाऊ दारात उभा राहिला. माझं चुकलं, म्हणाला. घाण बघवेना म्हणून केलं, तुझ्या तब्येतीलाही चांगलं नव्हतं ते, असंही म्हणाला.

"नदी होती ती," दादा म्हणाला. "तू तिचा वॉर्ड केलास. गोट्यांवरचं बुळबुळीत होतं ना, ते घाण खायचं, म्हणून पाण्यात जीव राहायचा. तेच तू धुतलंस."

"परत आणतो."

"तू?" दादा पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. "लहानपणी होडीत बसताना पायाला चिखल लागला म्हणून रडायचास. तू आणणार?"

"काय आणू ते सांग."

"होडीच्या खालचे गोटे. प्रत्येकाचा वास घ्यायचा. मातीचा आला तर ठेव, गटाराचा आला तर टाक."

लख्खभाऊ कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि मास्क घेऊन गेला. काठ बघूनच त्यानं मास्क घट्ट केला. वरच्या अंगाला गावाचा नाला नदीला मिळत होता. काठाशी पिशव्या, केसांचे गुंते, फुगून टम्म झालेला एक उंदीर, त्यावर माशा. चिखलात पाय घातला तर तो पोटरीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढताना असा आवाज आला की त्याच्या अंगावर काटा आला. मास्क लावून वास येईना, तो काढला. मोजे घालून बुळबुळ कळेना, तेही काढले. पहिला गोटा नाकाशी धरला. गटार. दुसरा, गटार. तिसऱ्याला होडीच्या लाकडाला धरून तो भडाभडा ओकला. दादा याच जागी कित्येक वर्षं गुडघाभर पाण्यात उभा राहून माणसं उतरवत होता, आणि त्याच हातानं येऊन याला भाकरी मोडून देत होता. हे आठवून किळस कमी झाली असती तर बरं झालं असतं, पण ती झाली नाही. पुन्हा ओकारी आली. मग त्यानं शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं आणि पुढचा गोटा उचलला. होडीच्या अगदी खाली, सावलीतल्या पाण्यात, मातीचा वास असलेले गोटे होते.

बादली भरून तो घरी आला तेव्हा त्याच्या पोटरीवर जळू चिकटलेली होती. बायकोनं मीठ आणलं, तिलाही बघवेना. दादानं आधी बादलीत नाक घातलं, मग धाकट्याच्या शर्टाला लावलं.

"ओकलास?"

"दोनदा."

दादाच्या खांद्यांना हसू फुटलं, पण तोंडातून आवाज आला नाही. मग त्यानं टाकीतलं नळाचं पाणी उपसायला लावलं आणि बोटानं दाखवत एकेक गोटा कुठं ठेवायचा ते सांगू लागला. उभं राहून त्याचा खुबा दुखायला लागला, तेव्हा त्यानं काठीनं ट्रंक पुढे ओढली आणि तिच्यावर बसला.

ती ट्रंक अजून तिथंच आहे, टाकीसमोर. तिच्यावर बसून दादा मिशावाल्याशी बोलतो. दूधवाल्याला निरोप गेला तो फक्त नवे मासे आणण्याचा. आणि दादाला वाकता येत नाही म्हणून काचेवरचा थर विरळ करण्याचं काम लख्खभाऊकडे आलं आहे. आधी साबण लावायचा नाही, हातमोजे घालायचे नाहीत, सगळा थर काढायचा नाही. तो बाही वर करतो, डोळे मिटतो आणि हात घालतो. बोटांना गोगलगायीची अंडी लागतात आणि त्याचं सगळं अंग शहारतं.

"डोळे उघड," दादा म्हणतो. "कोपऱ्यात राहिलंय."

"राहू दे," तो दात आवळून म्हणतो. "राहूच दे ते."